बार्को, मार्को

माझे बाबा, ओनोफ्रे कार्कामो,
चौथ्या वर्षी तापात कान गमावून बसले.
वाल्पाराइसोच्या धक्क्यावर ते मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करतात,
तळहात ठेवून.
कुठला पिस्टन रडतोय ते त्यांच्या हाताला कळतं.
मी काय म्हणते ते मात्र
माझ्या ओठांवरून वाचतात,
मी बोबडं बोलत होते तेव्हापासून.

प, ब, म. ओठ मिटले की तिन्ही सारखीच.
बार्को म्हणजे जहाज,
मार्को म्हणजे एका माणसाचं नाव.
उरलेलं बाबा गालांवरून घेतात, भुवयांवरून,
वरच्या ओठाच्या त्या खाचेवरून,
जिथे माझं हसू आधी फुटायचं
आणि शब्द मागाहून यायचा.

मार्चमध्ये मार्को गेला.
एप्रिलमध्ये मी शेजारच्या विन्याला गेले,
औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर.
वाढदिवसाच्या महिन्यात तीस टक्के सूट.
डॉक्टरीणबाईंनी बर्फ लावला, चार टोचे दिले,
आरसा धरला. थोडं सुजेल, म्हणाल्या,
दोन आठवड्यांत बसेल.

बसलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात ते चालू लागलं,
पोटभाडेकरूसारखं, हळूच, सामान हलवत,
ओठाची कड ओलांडून नाकाच्या दिशेनं.
खाच बुजली. डावीकडे एक गाठ,
शिजलेल्या मसुरात राहून गेलेल्या खड्यासारखी.
बाजूनं पाहिलं की कुणी दुसरीच बाई,
माझं कानातलं घातलेली.
एदुविहेस आत्या म्हणाली, मधमाशी चावली का गं?
आणि मग, ओशाळून, छान दिसतंय.

बाबा काहीच म्हणाले नाहीत.
संध्याकाळच्या चहाला बसलो होतो.
मी पाव मागितला.
त्यांनी हात पुढे केला.
(आमच्याकडे पावाचा शब्द आणि हाताचा शब्द
एकाच मिटल्या ओठांनी सुरू होतात.)
पुन्हा मागितला. पुन्हा.
मग त्यांनी खिशातून बिलांची वही काढली,
कानावरची पेन्सिल माझ्यासमोर ठेवली.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा
मी बापाशी लेखी बोलले.
पाव, असं लिहिलं.
अक्षर माझं पहिल्यापासून वाईट.

मे संपेपर्यंत वही अर्धी भरली.
गॅसचं बिल. डोळ्यांचे थेंब घातलेस का. झोप आता.
असली वाक्यं कागदावर किती उद्धट दिसतात.

एका रात्री त्यांनी माझी हनुवटी धरली,
दिव्याकडे वळवली,
ग्रीसच्या वासाचा अंगठा त्या गाठीवर ठेवला
आणि डोळे मिटले, इंजिनापाशी मिटतात तसे.
बोल, म्हणाले.
(पत्र्यावरून खुर्ची ओढावी तसा बाबांचा आवाज आहे.
मला आवडतो.)
मी बोलले. काय, ते वहीत नाही.
बराच वेळ अंगठा तिथंच होता.
"वॉशर चुकीचा बसलाय."
मी इतकी हसले की ओठ ठणकला.

विरघळवायच्या इंजेक्शनावर सूट नसते.
आग आग झाली. दोन दिवसांत ओसरलं सगळं,
पण ओहोटीखाली जो उघडा पडला
तो माझा जुना किनारा नव्हता.
ओठ पातळ, जरासा सैल,
खाच उजवीकडे कललेली.
पूर्वीही असंच होतं, बाई म्हणाल्या.
मी फोटो दाखवला.
फोटोत उजेड वेगळा आहे, म्हणाल्या.

बाबा आता मला नव्यानं शिकताहेत.
चुकतात. मी दमले म्हणते, ते खिडकी उघडतात.
उघडीच राहू देते मी.

परवा त्या खिडकीशी, बंदराकडे तोंड करून,
त्यांच्याकडे पुरती न वळता, मी म्हणाले,
मार्को गेला.
ते उठले. चष्मा चढवला.
क्रेनच्या पलीकडे पाहिलं, डावीकडे, उजवीकडे.
"कुठलं जहाज?"
मग माझ्या भुवईकडे पाहिलं.
चष्मा काढून शर्टाला पुसला.
"हां, ते," म्हणाले.
"ते तर मार्चमध्येच सुटलं."
आणि पाव कापायला घेतला.